स्वतंत्र आयोगांची कर्मचारीव्यवस्था आणि सेवानियम : महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

भारतीय राज्यघटनेने आणि त्यानंतरच्या विविध कायद्यांनी शासनाच्या दैनंदिन नियंत्रणापासून अलिप्त राहून काम करणाऱ्या अनेक आयोगांची निर्मिती केली आहे. लोकसेवा आयोग, निवडणूक आयोग, माहिती आयोग, मानवी हक्क आयोग ही त्याची ठळक उदाहरणे होत. या आयोगांच्या स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा अध्यक्ष वा आयुक्तांची नियुक्ती कोण करतो आणि त्यांना पदावरून कोण दूर करू शकतो या दोन प्रश्नांपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. आयुक्त हा एक असतो; काम मात्र त्याच्या हाताखालील सचिव, कक्ष अधिकारी, लिपिक, तपास अधिकारी आणि प्रसंगी हजारो तात्पुरते कर्मचारी करीत असतात. हे कर्मचारी कोणी नेमले, त्यांना वेतन कोठून मिळते आणि काम संपल्यावर ते कोणाकडे परत जातात, या प्रश्नांची उत्तरे आयोगाचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात किती आहे हे ठरवितात.

महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी हा विषय केवळ राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमापुरता मर्यादित नाही. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून नियुक्तीचा आदेश हाती पडतो, तेव्हा आपण स्वतःच काही दिवसांसाठी एका स्वतंत्र आयोगाचे कर्मचारी झालेलो असतो. त्या काळातील आपले सेवाविषयक स्थान कोणते, याची स्पष्टता मात्र अनेकांना नसते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील प्रमुख स्वतंत्र आयोगांच्या कर्मचाऱ्यांविषयीच्या घटनात्मक व कायदेशीर तरतुदी समजून घेणे.
२) राज्य निवडणूक आयोगाच्या उसनवार कर्मचारीव्यवस्थेचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.
३) या संदर्भातील महत्त्वाच्या न्यायनिर्णयांचा परामर्श घेणे.
४) आयोगाचे स्वातंत्र्य आणि प्रशासकीय सोय यांचा मेळ घालणाऱ्या काही सूचना मांडणे.

कर्मचारीव्यवस्थेचे तीन नमुने :

महाराष्ट्रातील आयोगांच्या तरतुदी तपासल्या असता कर्मचारीव्यवस्थेचे साधारणतः तीन नमुने आढळतात.

पहिला नमुना महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचा आहे. अनुच्छेद ३१८ नुसार राज्यपाल विनियमांद्वारे आयोगाच्या सदस्यांची संख्या व सेवाशर्ती ठरवितात. त्याच अनुच्छेदात आयोगाच्या कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांच्या सेवाशर्ती यांविषयीही तरतूद करण्याचा अधिकार दिलेला आहे. अनुच्छेद ३२२ याहून पुढे जातो. सदस्यांप्रमाणेच कर्मचाऱ्यांचे वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन यांसह आयोगाचा सर्व खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असतो. भारित खर्चावर विधिमंडळात चर्चा होऊ शकते, परंतु तो मतास टाकला जात नाही. म्हणजेच एखाद्या वर्षी आयोगाचा निर्णय सत्ताधाऱ्यांना रुचला नाही म्हणून त्याच्या लिपिकाचे वेतन मतदानाने रोखता येणार नाही, याची काळजी घटनाकारांनी घेतली आहे.

दुसरा नमुना कायद्याने निर्माण झालेल्या आयोगांचा होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १६ नुसार राज्य माहिती आयोगास आवश्यक ते अधिकारी व कर्मचारी राज्य शासन उपलब्ध करून देते आणि त्यांच्या सेवाशर्ती नियमांनी विहित होतात. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम २७ नुसार राज्य मानवी हक्क आयोगाचा सचिव हा राज्य शासनाच्या सचिवाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी असतो, तर तपासासाठी पोलीस महानिरीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली पोलीस कर्मचारी शासनच पुरविते. इतर प्रशासकीय, तांत्रिक व वैज्ञानिक कर्मचारी आयोग स्वतः नेमू शकतो, पण तेही शासनाने केलेल्या नियमांच्या अधीन राहून. येथे एक अंगभूत विसंगती दिसते. माहिती आयोगापुढील बहुतांश प्रकरणांत प्रतिवादी शासकीय कार्यालय असते आणि मानवी हक्क आयोगापुढील अनेक तक्रारी पोलिसांविरुद्ध असतात. ज्यांच्याविरुद्ध चौकशी करावयाची, त्यांच्याच विभागाकडून चौकशीसाठी माणसे उसनी घ्यावी लागतात.

या विसंगतीची दखल आंतरराष्ट्रीय पातळीवरही घेतली गेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९९३ मध्ये स्वीकारलेल्या 'पॅरिस तत्त्वां'मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क संस्थेला स्वतःचे कर्मचारी व स्वतःची जागा असावी आणि त्यासाठी पुरेसा निधी मिळावा, असे स्पष्टपणे म्हटले आहे. भारताच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या मानांकनाचा निर्णय २०२३ व २०२४ मध्ये पुढे ढकलण्यात आला, त्यावेळी तपासकामातील पोलीस अधिकाऱ्यांचा सहभाग हा आक्षेपाचा एक मुद्दा होता.

तिसरा नमुना निवडणूक आयोगांचा आहे. अनुच्छेद ३२४(६) नुसार भारत निवडणूक आयोगाने विनंती केल्यास राष्ट्रपती किंवा राज्यपाल आवश्यक तो कर्मचारीवर्ग उपलब्ध करून देतात. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-के(३) मध्ये राज्य निवडणूक आयोगासाठी हीच भाषा वापरलेली आहे, तर अनुच्छेद २४३-झेडए मुळे नगरपालिकांच्या निवडणुकाही याच आयोगाच्या अधीक्षण, निर्देशन व नियंत्रणाखाली येतात. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. त्यानंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाची स्थापना झाली. लोकसेवा आयोगाप्रमाणे खर्च भारित असल्याची तरतूद मात्र अनुच्छेद ३२४ मध्येही नाही आणि २४३-के मध्येही नाही.

उसनवार कर्मचारीव्यवस्थेचे प्रत्यक्ष स्वरूप :

राज्य निवडणूक आयोगाचे मुंबईतील कार्यालय त्याच्या कामाच्या व्याप्तीच्या मानाने लहान आहे. राज्यातील ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा, नगरपंचायती, नगरपरिषदा आणि महानगरपालिका या सर्वांच्या निवडणुका घेणे हे काम तेवढ्या कर्मचाऱ्यांकडून होणे अशक्य आहे. म्हणून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मुख्याधिकारी ही महसूल व नगरविकास विभागांची यंत्रणा निवडणुकीपुरती आयोगाची यंत्रणा बनते. त्याखाली शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, अनुदानित संस्थांतील कर्मचारी यांच्यातून केंद्राध्यक्ष व मतदान अधिकारी नेमले जातात.

हिमायतनगर तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा तालुका महसुली दृष्ट्या नांदेड जिल्ह्यात, विधानसभेसाठी हदगाव मतदारसंघात, तर लोकसभेसाठी हिंगोली मतदारसंघात मोडतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले, ते भारत निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यात हिमायतनगर नगरपंचायतीचाही समावेश होता. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली पार पडल्या. दोन्ही वेळी मतदान केंद्रावर बसणारे कर्मचारी बव्हंशी त्याच वर्गातील होते. तेच तहसील कार्यालय, त्याच शाळाखोल्या, तेच प्रशिक्षण; मात्र घटनेच्या दृष्टीने नियंत्रण करणारी संस्था वेगळी आणि लागू होणारा कायदाही वेगळा. हा भेद कर्मचाऱ्यांच्या हक्क व जबाबदाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

संसद व विधिमंडळाच्या निवडणुकांसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम २८-अ आहे. त्यानुसार निवडणूक निर्णय अधिकारी, केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी आणि निवडणुकीसाठी नेमलेले पोलीस हे अधिसूचनेच्या दिनांकापासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि त्या काळात ते आयोगाच्या नियंत्रण व शिस्तीखाली असतात. मतदार यादीच्या कामासाठी १९५० च्या अधिनियमातील कलम १३-सीसी अशीच तरतूद करते. ही कलमे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांना आपोआप लागू होत नाहीत. तेथे राज्याचे त्या त्या संस्थेविषयीचे अधिनियम, नियम आणि आयोगाचे आदेश यांवर विसंबावे लागते.

कर्मचारी कोणाकडून मागविता येतील, हाही वादाचा विषय ठरला होता. भारत निवडणूक आयोग विरुद्ध स्टेट बँक ऑफ इंडिया कर्मचारी संघटना या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, राज्यपालांच्या अखत्यारीत नसलेले बँक कर्मचारी अनुच्छेद ३२४(६) खाली मागविता येणार नाहीत. त्यानंतर १९९८ मध्ये १९५१ च्या अधिनियमातील कलम १५९ सुधारण्यात आले आणि स्थानिक प्राधिकरणे, विद्यापीठे, शासकीय कंपन्या, तसेच शासनाच्या निधीतून पूर्णतः वा मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्था यांवर कर्मचारी उपलब्ध करून देण्याचे बंधन आले. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांना संसद व विधानसभेच्या निवडणुकांची कर्तव्ये येतात, त्यामागील कायदेशीर आधार हा आहे.

शिस्तविषयक अधिकार : मूळ प्रश्न :

उसनवार कर्मचाऱ्याच्या बाबतीत खरा पेच शिस्तीच्या प्रश्नापाशी निर्माण होतो. कर्मचाऱ्याचा धारणाधिकार मूळ विभागात असतो. त्याचा गोपनीय अहवाल, पदोन्नती, बदली, निवृत्तिवेतन हे सारे मूळ विभागाच्या हाती असते. अशा कर्मचाऱ्याने मतदानाच्या दिवशी आयोगाचा आदेश पाळावयाचा की ज्यांच्या हाती आपली पुढील बदली आहे त्यांची मर्जी सांभाळावयाची, असा प्रसंग आल्यास केवळ नैतिक आवाहन पुरेसे ठरत नाही.

टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तो २१ सप्टेंबर २००० रोजी केंद्र शासन व आयोग यांच्यातील समझोत्याने निकाली निघाला. त्यानुसार निवडणूक कर्तव्यावरील अधिकारी वा कर्मचाऱ्याने अवज्ञा अथवा कर्तव्यच्युती केल्यास आयोग त्यास निलंबित करू शकतो, त्याच्या जागी दुसऱ्याची नेमणूक करू शकतो, वर्तनाच्या अहवालासह त्यास मूळ विभागाकडे परत पाठवू शकतो आणि शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस करू शकतो. सक्षम प्राधिकाऱ्याने त्या शिफारशीवर तत्परतेने कारवाई करून सहा महिन्यांच्या आत आयोगास कळवावे, असेही ठरले. येथे अधिकारांची विभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. निलंबन व परत पाठवणी आयोगाच्या हाती आली, अंतिम शिक्षा मात्र मूळ विभागाकडेच राहिली. म्हणजे आयोगास निवडणूक चालू असताना लागणारे तातडीचे अधिकार मिळाले आणि कर्मचाऱ्यास त्याच्या सेवानियमांनुसार बचावाची संधीही कायम राहिली. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये कर्मचाऱ्यास दिलेले संरक्षण अशा समतोलामुळे बाधित होत नाही.

राज्य निवडणूक आयोगांच्या बाबतीत किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या प्रकरणातील २००६ चा घटनापीठाचा निर्णय पायाभूत आहे. भारत निवडणूक आयोगाला मिळते तसेच सहकार्य राज्य शासनाने राज्य निवडणूक आयोगास दिले पाहिजे आणि ते न मिळाल्यास आयोगाने उच्च न्यायालयाकडे व आवश्यकता भासल्यास सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागावी, असे त्यात सांगण्यात आले. स्वतंत्र आयोगाने स्वतःचे मनुष्यबळ मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी, ही तरतूद संरक्षण देणारी आहे. परंतु व्यवस्थेतील उणीवही तीच दाखवून देते.

२०२५ चा अनुभव :

ही उणीव महाराष्ट्रात अलीकडेच प्रकर्षाने दिसून आली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादामुळे राज्यातील अनेक स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या आणि २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा व महानगरपालिका प्रशासकांच्या हाती राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा अंतरिम आदेश दिला. मुदतवाढ मागताना आयोगाने जी कारणे पुढे केली, त्यांत मतदान यंत्रांची कमतरता, परीक्षांमुळे शाळांच्या इमारती उपलब्ध नसणे आणि कर्मचाऱ्यांचा तुटवडा यांचा समावेश होता. १६ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने या विलंबाबद्दल नाराजी व्यक्त करून ३१ जानेवारी २०२६ ही मुदत दिली. आयोगाने आवश्यक कर्मचाऱ्यांचा तपशील दोन आठवड्यांत मुख्य सचिवांकडे द्यावा आणि मुख्य सचिवांनी इतर विभागांच्या सचिवांशी विचारविनिमय करून त्यापुढील चार आठवड्यांत कर्मचारी उपलब्ध करून द्यावेत, असा निर्देशही न्यायालयाने दिला.

अनुच्छेद २४३-के(३) मध्ये 'विनंती केल्यावर उपलब्ध करून देतील' एवढेच म्हटले आहे. किती दिवसांत, हे म्हटलेले नाही. न्यायालयाने वस्तुतः या अनुच्छेदाला कालमर्यादा जोडली. मात्र ती एका प्रकरणापुरती आहे. पुढील निवडणुकांच्या वेळी हीच मागणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागू नये, असे वाटत असेल तर कालमर्यादा नियमांत येणे आवश्यक आहे. आयोगाकडे माणसे नाहीत याचा अर्थ गावाकडे निर्वाचित प्रतिनिधी नाहीत असा होतो, हे या काळात ग्रामीण भागाने अनुभवले आहे.

शासकीय सेवक आयुक्त होऊ शकतो काय? :

कर्मचारी उसने घेण्याची सवय किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात घडले. तेथे राज्याच्या विधी सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात आला होता. गोवा राज्य विरुद्ध फौजिया इम्तियाज शेख या प्रकरणात १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शासनाच्या सेवेत असलेल्या व्यक्तीकडे हे पद सोपविणे घटनेच्या चौकटीत बसत नाही, असा निर्णय देऊन सर्व राज्यांना तो बंधनकारक केला. आयुक्तपदाबाबत हा निर्णय निःसंदिग्ध आहे. आयोगाचा सचिव आणि त्याखालील कायम कर्मचारी यांना हेच तत्त्व किती प्रमाणात लागू व्हावे, हा प्रश्न मात्र खुला राहतो.

स्वतंत्र सचिवालयाचा पर्याय :

याचे उत्तर राज्यघटनेतच अन्यत्र सापडते. अनुच्छेद ९८ ने संसदेला आणि अनुच्छेद १८७ ने राज्य विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालय दिले आहे. अनुच्छेद २२९ नुसार उच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांच्या नियुक्त्या मुख्य न्यायमूर्ती करतात. निवडणूक आयोगासाठी अशी तरतूद करण्याची शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात केली होती. अनूप बरनवाल प्रकरणात २ मार्च २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयानेही स्वतंत्र सचिवालय आणि भारित खर्च या दोन बाबींचा विचार करण्याचे आवाहन संसदेस केले.

अर्थात या पर्यायाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. निवडणुका नैमित्तिक असतात; मतदानाच्या दिवशी लागणारे मनुष्यबळ वर्षभर पोसणे कोणत्याही राज्यास परवडणारे नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने स्थापन झालेला निवडणूक आयोग आपले कर्मचारी स्वतः नेमतो, तरी प्रत्यक्ष मतदान तेथेही स्थानिक निवडणूक अधिकारीच घेतात. शिवाय लहान व बंदिस्त आस्थापनेत पदोन्नतीच्या संधी कमी राहतात, चांगले उमेदवार टिकत नाहीत आणि काळाच्या ओघात आपल्याच माणसांची भरती होण्याचा धोकाही उद्भवतो. म्हणून सर्वच कर्मचारी आयोगाचे असावेत ही मागणी व्यवहार्य नाही. गाभ्याचे कर्मचारी आयोगाचे आणि निवडणुकीपुरते कर्मचारी उसनवार, परंतु निश्चित नियमांनी बांधलेले, अशी संमिश्र व्यवस्थाच अधिक योग्य ठरते.

शिक्षक व प्राध्यापकांचे स्थान :

उसनवार कर्मचाऱ्यांमध्ये शिक्षकांचा वाटा मोठा असल्याने शिक्षणाचे होणारे नुकसान हाही विचारात घेण्याचा मुद्दा आहे. सेंट मेरीज स्कूल प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदार यादी व निवडणुकीची कामे शिक्षकांना सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, असे सांगितले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांस मनाई केली आहे. म्हणजे निवडणुकीचे काम कायद्याने टिकवून ठेवले आहे. पण ते अमर्याद नाही. ज्या तालुक्यात इतर विभागांचे मनुष्यबळ तोकडे आहे, तेथे ही मर्यादा पाळणे अवघड जाते आणि भार शाळा-महाविद्यालयांवर पडतो. आयोगाच्या आस्थापनेचा प्रश्न अशा रीतीने वर्गखोलीपर्यंत येऊन पोहोचतो.

सूचना :

१) राज्य निवडणूक आयोगाच्या कायम आस्थापनेचा आकृतिबंध व सेवाप्रवेश नियम आयोगाच्या सल्ल्याने स्वतंत्रपणे करावेत आणि गाभ्याच्या पदांची निवड लोकसेवा आयोगामार्फत व्हावी.
२) आयोगाकडील प्रतिनियुक्तीचा किमान कालावधी निश्चित असावा आणि त्यापूर्वी अधिकाऱ्यास परत बोलाविण्यासाठी आयोगाची लेखी संमती आवश्यक असावी.
३) आयोगाने मागणी केल्यापासून किती दिवसांत कर्मचारी द्यावयाचे, हे नियमाने ठरावे.
४) २००० च्या समझोत्यातील शिस्तविषयक तरतुदी स्थानिक निवडणुकांसाठी राज्याच्या कायद्यात सुस्पष्ट शब्दांत समाविष्ट कराव्यात, त्याचबरोबर कर्मचाऱ्याच्या बचावाच्या हक्काचाही उल्लेख असावा.
५) आयोगाच्या कर्मचाऱ्यांचे वेतन लोकसेवा आयोगाप्रमाणे संचित निधीवर भारित करावे.
६) जिल्हास्तरावर सर्व विभागांच्या कर्मचाऱ्यांची अद्ययावत सूची वर्षभर ठेवावी आणि नियुक्त्यांची सरमिसळ त्या संपूर्ण सूचीतून करावी, म्हणजे भार एकाच वर्गावर पडणार नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, महाराष्ट्रातील आयोगांना मिळालेले स्वातंत्र्य एकसारखे नाही. लोकसेवा आयोगाच्या कर्मचाऱ्यांची व त्यांच्या वेतनाची तरतूद घटनाकारांनी केली; राज्य निवडणूक आयोगास केवळ विनंतीचा हक्क मिळाला; माहिती व मानवी हक्क आयोगांना ज्यांची चौकशी करावयाची त्यांच्याचकडून मनुष्यबळ घ्यावे लागते. न्यायालयांनी वेळोवेळी ही उणीव भरून काढली असली, तरी न्यायनिर्णय हे सेवानियमांची जागा घेऊ शकत नाहीत. आयुक्तास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसारखे पदाचे संरक्षण देऊन त्याचा सचिव मात्र केव्हाही परत बोलाविता येण्याजोगा ठेवणे, ही अर्धवट स्वायत्तता होय.

समारोप :

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका दर पाच वर्षांनी होणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. तो हक्क मतदान केंद्रावर पहाटे पोहोचणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातून प्रत्यक्षात येतो. त्या कर्मचाऱ्याला आपण कोणाचे आदेश पाळावयाचे आणि आपले संरक्षण कोण करणार, हे नियमांतून निःसंदिग्धपणे समजले पाहिजे. राज्यशास्त्र व लोकप्रशासनाच्या अध्यापकांनी या दुर्लक्षित विषयाकडे लक्ष द्यावे. आपापल्या तालुक्यातील निवडणूक कर्मचारीव्यवस्थेचा अभ्यास विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून झाल्यास नियम तयार करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.